कयाकचं कॉकपिट अंगाला बसवताना

कयाकमध्ये बसल्या बसल्या बहुतेकांचा हात आधी पाठीच्या पट्ट्याकडे जातो. पट्टा आवळला की पाठ टेकते, बरं वाटतं आणि होडी पाण्यात लोटली जाते. अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात, कंबर धरते, माणूस सीटवरून सारखा पुढे घसरतो आणि किनाऱ्याला लागल्यावर म्हणतो, ही होडी काही माझ्या मापाची नाही. बऱ्याचदा होडी मापाचीच असते, फक्त जुळवणी उलट्या टोकाकडून झालेली असते. कॉकपिट, म्हणजे कयाकमधली बसायची जागा, पावलांपासून बसवत यायचं आणि पाठीचा पट्टा सगळ्यात शेवटी लावायचा. हा क्रम मी गेली कित्येक वर्षं नव्या-जुन्या प्रत्येक पॅडलरला सांगत आलो आहे, आणि हा लेखही त्याच क्रमाने जाणार आहे.

ग्रीनलंडचे इनुइट शिकारी कयाक बांधायचे तेव्हा मापाची पट्टी म्हणजे त्यांचं स्वतःचं शरीर असे. लांबी साधारण पसरलेल्या दोन्ही हातांच्या अंतराच्या तिप्पट, रुंदी म्हणजे खुब्यांच्या रुंदीत दोन मुठी मिळवून, आणि कॉकपिटपाशी खोली एक मूठ अधिक ताठ अंगठ्याएवढी. मांड्या वरच्या कमानदार आडव्या लाकडाखाली टेकायच्या. ती होडी एकाच माणसाची असे, त्यामुळे पुढे काही जुळवायची गरजच पडत नसे. आजची होडी साच्यातून निघते. तिच्यात सकाळी एक जण बसतो, दुपारी दुसरा, सुट्टीच्या दिवशी घरातलं तिसरंच कुणी. म्हणून कारखान्यातून येताना तिला सरकते फूटपेग (पावलं टेकवायच्या खुंट्या), मांडीचे आधार, खुब्यांचे पॅड आणि पाठीचा पट्टा बसवलेला असतो. हे सगळं वापरायला दिलेलं असतं, पण पुष्कळ होड्यांमध्ये त्याला कुणी हातही लावलेला नसतो.

नेमकं काय साधायचं आहे

शरीर कयाकला पाच ठिकाणी भेटतं: पायांचे चवडे, गुडघ्याच्या जरा वरच्या बाजूला मांड्या, दोन्ही खुबे, बैठक आणि कंबरेचा खालचा भाग. या पाचही जागी सतत करकचून पकड असली पाहिजे असा एक गैरसमज आहे. तसं बसलं तर रक्त अडतं, स्नायू आखडतात. बरोबर बसलेल्या कॉकपिटची ओळख अशी: पाय सैल सोडले की तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे मोकळे असता, आणि चवडे दाबून गुडघे बाहेर-वर रेटले की क्षणात होडी तुमच्या कंबरेला घट्ट लागते. मग खुबा उचलला की होडीची कड उचलली जाते. सैल आणि घट्ट यांतलं हे अंतर अगदी थोडं असतं, आणि सगळी मेहनत तेवढ्यासाठीच असते.

खळाळत्या नदीत खेळायची होडी थोडी जास्त घट्ट बसवतात, कारण तिथे दर दोन मिनिटांनी तोल सावरावा लागतो. समुद्रावर किंवा तलावात दिवसभर वल्हवायचं असेल तर हालचालीला थोडी जागा हवीच.

सुरुवात जमिनीवर

जुळवणी पाण्यात करू नका. होडी हिरवळीवर किंवा वाळूवर ठेवा. फायबरची असेल तर कडक जमिनीवर ठेवून आत बसू नका, तळाला तडा जाऊ शकतो. खाली फोमच्या दोन जाड पट्ट्या घाला. पाण्यात जे कपडे आणि बूट घालणार तेच आत्ता घाला. ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) खुब्यांपाशी दोन्ही बाजूंनी जागा खातो, आणि जाड तळव्याच्या बुटाने फूटपेगचा हिशोब एका खाचेने बदलतो. चड्डीच्या मागच्या खिशातलं पाकीट, किल्ल्या काढून ठेवा. पाय बधिर होण्याचं कारण शोधताना आम्ही एकदा सीट, पट्टा, फूटपेग सगळं तपासलं आणि शेवटी निघाला तो मागच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा.

आता पाठीचा पट्टा पूर्ण सैल करा. खुब्यांचे पॅड निघत असतील तर काढून ठेवा. सीटमध्ये बैठक मागपर्यंत नेऊन, पाठ सरळ ठेवून बसा. कुठेही टेकू नका.

पावलं

फूटपेग बहुतेक होड्यांत आतल्या बाजूला लावलेल्या पट्टीवर सरकतात. मागची खिट्टी दाबली किंवा ओढली की पेग सुटतो आणि ठरावीक खाचांमध्ये अडकतो. आधी दोन्ही पेग लांब सरकवा. मग टाचा होडीच्या मध्याकडे, चवडे बाहेरच्या बाजूला आणि गुडघे बाहेर पडलेले अशी बैठक घ्या. बेडूक बसतो त्याच्या जवळपासचा हा आकार आहे. आता पेग एकेक खाच जवळ आणत चवड्याला टेकवा. तळव्याच्या मधल्या खोलगट भागाला किंवा नुसत्या बोटांना टेकला तर उपयोग नाही, चवडाच टेकला पाहिजे.

माप तपासायची माझी पद्धत अशी. चवडे पेगवर ठेवून टाचा जरा मागे-पुढे हलवा. चवडा दाबला की मांडी वर उठून डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या झाकणाच्या, आतल्या आधाराला लागली पाहिजे. चवडा सैल सोडला की मांडी आणि आधार यांच्यात हाताचा तळवा सहज शिरला पाहिजे. चवडा न दाबताच मांडी वर चिकटून राहत असेल तर पेग फार जवळ आहेत. एक खाच लांब न्या. पूर्ण दाबूनही मांडी आधारापर्यंत पोचत नसेल तर पेग फार लांब आहेत.

दोन खाचांच्या मध्ये माप अडकलं तर मी लांबची खाच घेतो आणि पेगवर फोमचा पातळ तुकडा बसवतो. जवळच्या खाचेत पाय तासाभरात दुखायला लागतो, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवर शिकलो आहे.

दोन्ही पेग एकाच क्रमांकाच्या खाचेत असले पाहिजेत असं काही नाही. पुष्कळ लोकांच्या दोन पायांच्या लांबीत थोडा फरक असतो. एकाच बाजूचा खुबा किंवा पाठीची एकच बाजू दुखत असेल तर त्या पायाचा पेग एक खाच हलवून बघा.

सुकाणू असलेल्या होडीत पेगच सुकाणूचे पेडल असतात. सुकाणू सरळ ठेवूनच माप घ्या. जुन्या पद्धतीत अख्खा पेग पुढे-मागे सरकतो, त्यामुळे त्यावर जोर देऊन बसता येत नाही. दाबलं की होडी वळते. नव्या पद्धतीत पेगचा खालचा भाग पक्का असतो आणि फक्त वरची पट्टी बोटांनी दाबायची असते. तिथे टाच आणि चवड्याचा जोर खालच्या पक्क्या भागावर येतोय ना, हे बघून घ्या.

एक धोका आवर्जून सांगतो. पेग इतके लांब ठेवू नका की पाऊल त्यांच्या पलीकडे घसरू शकेल. होडी उलटल्यावर पलीकडे गेलेलं पाऊल पेगमागे अडकतं. बुटांच्या लोंबत्या नाड्या, आत सुटलेले पट्टे, हलणारे फोमचे तुकडे हेही त्याच कारणासाठी नकोत. नाडीचा फास बुटाच्या आत खोचा, नाहीतर नाडी नसलेले बूट घाला.

मांड्या

मांडीचे आधार म्हणजे डेकच्या खालून कॉकपिटमध्ये आलेले दोन पंख. ते गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, मांडीवर यायला हवेत. वाटीवर आले तर दाबताना कळ येते आणि माणूस नकळत पाय सैल सोडतो. बऱ्याच होड्यांत ते दोन बोल्टवर पुढे-मागे सरकतात. सरकत नसतील तर आधाराच्या आतल्या बाजूला फोम लावून आकार वाढवायचा.

लहान चणीच्या माणसाला इथे खूप अडचण येते. डेक उंच असतो, मांडी तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो पेग जवळ ओढत राहतो आणि गुडघे छातीशी येतात. पेग जवळ ओढून हे सुटत नाही. आधाराखाली २ ते ३ सेंटिमीटर फोम लावला की पाय आरामात लांब ठेवूनही मांडी लागते.

बैठक

दुखण्याचं मूळ सगळ्यात जास्त इथे असतं आणि लक्ष सगळ्यात कमी इथे जातं. सीटची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला, जांघेकडून गुडघ्याकडे जाणाऱ्या भागाला आधार देते का, ते आधी बघा. मांडीखाली नुसती पोकळी असेल तर सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि पायाकडे जाणारी नस तिथे चेपली जाते. पंधरा-वीस मिनिटांत टाचेपासून मुंग्या वर चढायला लागतात त्या यामुळे. मांडीखाली फोमची पाचर घाला. ती सीटकडे पातळ आणि गुडघ्याकडे जाड हवी, जाड टोक साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. मांडी फक्त टेकली पाहिजे, वर उचलली जाता कामा नये. पाचर फार जाड झाली तर पाय खाली सोडून आराम देता येत नाही आणि बाहेर पडतानाही अडचण होते.

काहींच्या मांडीमागच्या शिरा इतक्या आखडलेल्या असतात की पाय लांब करून सरळ बसलं की कंबर आपोआप मागे गोल होते. त्यांना होडीत कितीही आधार द्या, पाठ दुखणारच. पाचर मदत करते, पण रोज थोडा ताण देण्याचा व्यायाम जास्त मदत करतो.

सीट उंच करण्याचा मोह आवरा. कॉकपिटची कड कोपराला लागते म्हणून किंवा समोरचं नीट दिसत नाही म्हणून लोक जाड उशी ठेवतात. शरीराचा भार वर गेला की होडी डुगडुगते. २ सेंटिमीटरचा फरकसुद्धा निमुळत्या होडीत लगेच कळतो. ठेंगण्या माणसाला उंची लागतेच, तेव्हा १ सेंटिमीटरचा थर द्या, शांत पाण्यात बसून बघा, मग दुसरा द्या. फोम बंद छिद्रांचाच हवा. गादीतला स्पंज पाणी पितो, जड होतो आणि ओल्या फडक्यावर बसल्यासारखं वाटतं.

सीट पुढे-मागे सरकवता येत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याने होडीचा समतोल बदलतो. वजन पुढे गेलं की नाक पाण्यात रुतते, शेपूट हलकी होते आणि वाऱ्यात होडीचं नाक वाऱ्याकडे वळत राहतं. वजन मागे गेलं की नेमकं उलटं होतं, नाक वाऱ्यापासून दूर, वारा वाहत जातो त्या बाजूला वळत राहतं. उंच माणसाला पाय लांब करायला जागा हवी म्हणून सीट मागे नेली असेल तर वाऱ्याच्या दिवशी हे तपासून बघा. जुनी जागा पेन्सिलने आखून ठेवल्याशिवाय सीटचा बोल्ट सोडू नका.

खुबे

सीटमध्ये मधोमध बसा आणि खुबा व सीटची बाजू यांच्यामध्ये तळहात उभा घाला. समुद्रावरच्या होडीत दोन्ही बाजूंना तळहात जेमतेम सरकत असेल तर पॅडची जागा बरोबर आहे. नदीच्या होडीत बोटांची टोकंच शिरली तरी चालेल. जास्त जागा असेल तर पॅडमागे पातळ थर वाढवत जा, दोन्ही बाजूंना सारखे, नाहीतर तुम्ही कायम एका कडेवर कललेले राहाल. पॅड खुब्याच्या वर किंचित वळलेले असले तर खुब्याने होडीची कड उचलताना पकड चांगली मिळते, पण ते वळण मांडी अडकवणारं नको. कंबरेखालचा भाग रुंद असलेल्या पॅडलरने पॅड काढूनच टाकावेत. बसताना दाबून आत शिरावं लागत असेल तर बाहेरही दाबूनच यावं लागेल.

आणि मग पाठीचा पट्टा

एकदा एका ताईंनी मला विचारलं, "दादा, पट्टा अजून आवळू का? पाठ फार दुखतेय." मी पट्टा सोडला आणि दोन्ही पेग दोन-दोन खाचा लांब नेले. पेग जवळ असल्याने त्यांचे पाय शरीराला मागे ढकलत होते, आणि पट्टा पाठीला पुढे. त्या दोघांच्या मध्ये त्यांची कंबर चेपली जात होती.

पट्टा कंबरेच्या खालच्या भागाला, माकडहाडाच्या जरा वर यावा. त्याची वरची कड कॉकपिटच्या मागच्या कडेपेक्षा उंच नको. उंच असेल तर धड फिरवून वल्हवता येत नाही, मागे झुकता येत नाही आणि स्प्रे स्कर्टही (पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेपासून कॉकपिटच्या कडेवर ताणायचं आवरण) नीट बसत नाही. सरळ बसल्यावर पट्टा नुसता स्पर्श करेल इतकाच ओढा. त्यावर रेलायचं नसतं. कंबर मागे कोसळायला लागली की त्याने आठवण करून द्यायची असते. रॅचेट (पट्टा दात-दात आवळायची खिट्टी) असेल तर दोन्ही बाजूंचे दात मोजून सारखे घ्या.

बाहेर पडता येतं का

जुळवणीत कितीही छोटा बदल केला तरी ही चाचणी चुकवायची नाही. आधी जमिनीवर: हात कॉकपिटच्या कडेवर खुब्यांपाशी ठेवून, पाय सरळ करून, स्वतःला पुढे-वर ढकला. अडखळ न होता मांड्या आधारांखालून सुटल्या पाहिजेत. लांबट, किल्लीच्या भोकासारख्या कॉकपिटमधून एकेक गुडघा आधी बाहेर काढता येतो. छोट्या गोल कॉकपिटमधून दोन्ही पाय सरळ करूनच निघावं लागतं, म्हणून तिथे फोम बेताने लावा.

मग छातीएवढ्या शांत पाण्यात, शेजारी जाणकार माणूस उभा असताना, लाइफ जॅकेट घालून. पहिल्यांदा स्कर्टशिवाय. उलटल्यावर पुढे वाका, हातांनी कडेचा अंदाज घ्या, खुब्यांपाशी ढकला आणि पुढच्या दिशेने कोलांटी घेतल्यासारखे बाहेर या. हे सहज जमल्यावर स्कर्ट लावून, आणि लावताना पुढचा ओढायचा फास बाहेरच राहिलाय हे हाताने चाचपून. बाहेर पडायला क्षणभर जरी झगडावं लागलं तरी फोम कमी करा, मग होडी कितीही छान पकडत असो.

फोमचं काम

फोम कापायला पाव कापायची लांब दातेरी सुरी उत्तम. हॅकसॉचं सुटं पातंही चालतं. आकार देताना आधी खरखरीत कानस, मग जाड सँडपेपर. नेहमी थोडा जास्त ठेवून कापा, कारण घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. चिकटवण्याआधी टेपने लावून किमान एकदा पाण्यात जाऊन या. ही पायरी गाळून मी एक चांगला तुकडा वाया घालवला आहे; जमिनीवर झकास वाटलेला मांडीचा आधार पाण्यात अर्ध्या तासात नकोसा झाला.

काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह वापरताना दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ करा, दोन्हींवर पातळ थर लावा आणि बोटाला चिकटणार नाही इतका सुकू द्या. मग जोडा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून कुठे बसवायचं ते आधी आखून ठेवा. काम उघड्यावर करा, वाफा डोक्यात जातात. फायबरवर हा जोड पक्का बसतो. प्लास्टिकच्या होडीवर तो पुढेमागे सुटायला लागतो, म्हणून तिथे पट्टे, बोल्ट किंवा आकारानेच घट्ट बसणारा तुकडा बरा.

एकच होडी, अनेक माणसं

इथे चिकटवणं टाळा आणि सुटे थर करा. १ सेंटिमीटरच्या खुब्यांच्या पट्ट्या, त्यांच्यावर क्रमांक, मागे वेल्क्रो. मोठ्या पावलांच्या माणसाला पेगच आडवे येत असतील, तर पावलांसमोर आतून आडवी भिंत असलेल्या समुद्री होडीत पेग काढून भिंतीला लागून पूर्ण रुंदीचा फोमचा ठोकळा बसवतात. पाय हवे तिथे टेकतात, बाजूला जागा मोकळी होते. हाच ठोकळा तीन-चार थरांचा केला तर प्रत्येकाला आपला थर काढता-घालता येतो. फक्त तो उलट्या होडीतही निसटणार नाही असा घट्ट बसला पाहिजे.

लहान मुलासाठी मोठ्यांच्या होडीत नुसते पेग जवळ आणून भागत नाही. सीटवर थर देऊन त्याचे कोपर कडेच्या वर आणा, खुब्यांपाशी भर घाला, आणि स्कर्ट लावूच नका. गुडघे न वाकणाऱ्या वडीलधाऱ्यांना मांडीचे आधार काढून मोठ्या तोंडाची होडी द्या. पकड कमी मिळेल, पण आत-बाहेर होताना कुणाचा हात धरावा लागणार नाही.

प्रत्येकाचं माप लिहून ठेवा. फूटपेगच्या पट्टीवर पक्क्या शाईने खाचांचे आकडे घाला, मागून मोजलेले. पाठीच्या पट्ट्यावर प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची टेप. 'डावा ५, उजवा ६, खुबे दोन-दोन थर, निळी टेप' एवढं एका चिठ्ठीवर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सीटमागे ठेवलं की पुढच्या वेळी जुळवणी दोन मिनिटांत होते.

पहिल्या फेरीत वीस मिनिटांनी किनाऱ्याला या आणि विचारा: काय दुखतंय, कुठे बधिर झालंय, कुठे घासलंय. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. पाय बधिर असेल तर आधी मांडीखाली बघा, मग पेग. कंबर दुखत असेल तर आधी पेग, मग पट्टा. नडगी किंवा गुडघा घासला असेल तर तिथे फोमचा पातळ थर.

परत आल्यावर फूटपेगच्या पट्ट्या गोड्या पाण्याने धुवा आणि खिट्टी चार-पाच वेळा पुढे-मागे करा. वाळूचा एक कण खाचेत राहिला तरी पुढच्या वेळी पेग अर्धवट बसतो. वरून बसल्यासारखा दिसतो आणि लाटेत जोर दिला की सुटतो. म्हणून होडीत बसल्यावर, पाण्यात ढकलण्याआधी, दोन्ही चवड्यांनी एकदा पूर्ण जोराने दाबून बघा.